आकडा खरा, पण वेळ कोणती?



पाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो टीएमसी. कुठल्या धरणात किती, कुणाच्या वाट्याला किती, गेले किती आणि राहिले किती, हे आपल्या तोंडपाठ असते. पण त्या आकड्यापुढे जी वेळ लिहिलेली असते, तिच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही. माझे मत असे आहे की, पुढच्या काळात पाण्याचे, विजेचे आणि उसाचे बरेचसे वाद आकड्यापुढच्या या वेळेवरूनच होणार आहेत. म्हणून हा विषय संगणकवाल्या पोरांचा म्हणून बाजूला न सारता सभासदांनी समजून घेतला पाहिजे.

आपल्याला जवळचे उदाहरण घेऊ. आपण भीमेच्या खोऱ्यातले लोक. या खोऱ्याच्या पश्चिम कडेला लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांत साठलेले पाणी मोठाल्या नळांतून घाट उतरून खालापूर तालुक्यात खोपोलीला जाते. तिथले टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, ते मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरवण्यासाठी. ठोकरवाडीच्या धरणातले आंध्रा नदीचे पाणी कर्जत तालुक्यात भिवपुरीला उतरते. ते वीजघर १९२२ चे. मुळशीचे पाणी तसेच भिऱ्याला जाते. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट आणि भिवपुरीची ७५ मेगावॅट आहे.

या पाण्याला मर्यादा आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे आपण ज्याला बच्छावत लवाद म्हणतो त्याने, १९७६ च्या निवाड्यात ती घातली. टाटांच्या या वीजघरांसाठी भीमेच्या खोऱ्याबाहेर एका जलवर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा आणि लागोपाठच्या पाच जलवर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त पाणी नेता येत नाही. उजनीचा उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी आहे, त्यावरून हा आकडा केवढा ते ध्यानात येईल. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, ही आपल्या भागातली मागणी जुनी आहे. घाटाखालीही शेतकरीच आहे. भिवपुरीतून सुटलेले पाणी पेज नदीत येते आणि त्याच पाण्यावर कर्जत तालुक्यात राजनाल्याखाली उन्हाळी भात पिकते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते, तिथे कारखाने आणि नळयोजना त्यावर अवलंबून आहेत. कुणाचा हक्क मोठा, तो वाद आज बाजूला ठेवू. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, लवादाच्या मर्यादेत ‘जलवर्ष’ आणि ‘लागोपाठ पाच’ हे शब्द आहेत आणि ते दोन्ही वेळेचे शब्द आहेत. राजनाल्यावरच्या शेतकऱ्याचा प्रश्नही ‘किती’ इतकाच ‘केव्हा’ असा आहे.

एका तासाची किंमत काय, ते हिशेबाने पाहू. पाणी साधारण पाचशे मीटर उंचीवरून पडते असे धरले आणि यंत्राची कार्यक्षमता शेकडा ८५ धरली, तर एक युनिट वीज काढायला सुमारे ८६० लिटर पाणी लागते. बहात्तर मेगावॅटचे वीजघर पूर्ण ताकदीने एक तास चालले तर ७२,००० युनिटे होतात आणि पाणी जाते सुमारे ६२,००० घनमीटर. एकरी तीन इंच पाणी धरले तर ही दोनशे एकर उसाची एक पाळी झाली. लवादाच्या टीएमसीत एखादा तास इकडचा तिकडे झाला तर तो चिमूटभर आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पाटावर रात्री दारे धरून बसलेल्या माणसाला तोच तास सगळे काही असतो. आणि रोजच्या हिशेबात तीच चूक वर्षभर होत राहिली, तर ती चिमूटभर राहत नाही.

आता नोंदीकडे वळू. पूर्वी वीजघरात काय किंवा कारखान्याच्या बॉयलरवर काय, पाळीवरचा माणूस तासाला एकदा काट्याकडे बघून वहीत आकडा लिहायचा. आठ वाजता, नऊ वाजता, दहा वाजता. चोवीस तासांच्या चोवीस ओळी. एखादी ओळ राहिली तर ती रिकामी दिसायची आणि साहेब विचारायचा, बाबा रे, कुठं होतास? आता संगणक नोंद घेतो आणि कुणी मागितली की फाइल काढून देतो. ती फाइल एक्सेलमध्ये उघडली की भलाभला चक्रावतो. एक नोंद आठ वाजताची, पुढची एकदम आठ पन्नासची, त्यानंतर मिनिटामिनिटाला नोंदी. कुठे एकाच वेळेच्या पाच ओळी, कुठे तर वेळ चक्क मागे गेलेली! मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘संगणकानं दिलंय, बरोबरच असणार.’ दुसरा म्हणतो, ‘आकडे फिरवलेत.’ माझ्या मते दोघेही घाई करतात. वेळा वेड्यावाकड्या दिसण्याची कारणे मोजकी आहेत, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिले कारण असे की, पुष्कळ नोंदयंत्रे जागा वाचवण्यासाठी आकडा बदलला तरच ओळ लिहितात. पन्नास मिनिटे प्रवाह तोच राहिला तर एकच ओळ. यात बिघाड काहीच नाही. बिघाड आपण करतो, सरासरी काढताना. समजा, आठ वाजता प्रवाह १०० होता आणि तो आठ पन्नासपर्यंत तसाच राहिला. मग तो ४० वर आला आणि ४० च्या आसपास हलत राहिल्यामुळे पुढच्या दहा मिनिटांत दहा ओळी पडल्या. ओळींची नुसती सरासरी काढली तर अकरा ओळींची बेरीज ५००, सरासरी सुमारे ४५. पण खरे तर १०० चा प्रवाह पन्नास मिनिटे होता आणि ४० चा फक्त दहा मिनिटे. तो हिशेब केला तर सरासरी येते ९०. आकडे तेच, फाइल तीच, आणि पाणी निम्मे झाले! कुणी लबाडी केलेली नाही. ओळी मोजल्या, वेळ मोजली नाही, एवढेच.

दुसरे कारण सेकंदांचे. यंत्र मिनिटाला एक नोंद घेते, पण कामाच्या गर्दीत सेकंददोन सेकंद पुढेमागे होते. दहा वाजून एक सेकंद, दहा एक, मग दहा एक एकोणसाठ सेकंद, मग दहा तीन. फाइल काढताना कुणी सेकंद छाटले की दहा एकच्या दोन ओळी होतात आणि दहा दोनची ओळ गायब. नोंद हरवलेली नसते. सेकंदांसकट फाइल पुन्हा मागितली की प्रश्न मिटतो.

तिसरे कारण घड्याळाचे. यंत्रातले घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडले तर महिन्याला मिनिट मागे पडते आणि वर्षाला बारा मिनिटे. मग कुणीतरी ते एकदम पुढे करतो आणि फाइलमध्ये बारा मिनिटांचे भगदाड दिसते. घड्याळ पुढे गेलेले असेल आणि मागे केले, तर त्याच बारा मिनिटांच्या नोंदी दोनदा येतात. खरा दोष भगदाडाच्या जागी नसतोच, तो आधीच्या वर्षभरात पसरलेला असतो.

चौथे कारण फोनच्या रेंजचे. घाटात पावसाळ्यात संपर्क तुटतो. चांगले यंत्र तोवरच्या नोंदी पोटात ठेवते आणि संपर्क आला की एकदम पाठवते. त्या वेळी मूळ मोजणीची वेळ लिहिली तर ठीक. पण पोहोचल्याची वेळ लिहिली, तर रात्रभराच्या सगळ्या नोंदी सकाळी सात वाजताच्या होऊन बसतात. ऊस तोडला रात्री आणि चिठ्ठी फाडली सकाळी, असाच प्रकार.

पाचवे कारण कोणती वेळ, याचे. पुष्कळ संगणक आत ग्रिनिचची, म्हणजे जागतिक वेळ ठेवतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. फाइल त्या वेळेत निघाली तर १ जूनच्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी ३१ मेच्या पानावर जातात, म्हणजे सरळ मागच्या जलवर्षात. संध्याकाळी साडेसहाला विजेची मागणी वाढते, ती फाइलमध्ये दुपारी एक वाजता वाढलेली दिसते. तारखेचीही अशीच गंमत. ५/६ म्हणजे आपल्याला ५ जून, पण अमेरिकी पद्धतीच्या संगणकाला ६ मे. बारा तारखेपर्यंत तो मुकाट्याने उलटे वाचतो आणि तेरापासून अडतो, कारण तेरावा महिना नसतो. त्यातून एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात. सेकंदाला एक नोंद असेल तर दिवसाच्या ८६,४०० ओळी होतात, म्हणजे बारा दिवसांतच पान भरते आणि पुढचे दिवस गळतात.

हा रोग काही संगणकाने आणलेला नाही. एकोणिसाव्या शतकात कर्जतवरून घाट चढणारी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबई आपल्या स्वतःच्या वेळेवर. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तरी मुंबईत जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालू होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. म्हणजे १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला जाऊ लागली, तेव्हा ‘सकाळी आठ’ या शब्दांना दोन अर्थ होते. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सगळ्या देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली होती. त्या काळातली कुठलीही जुनी नोंदवही उघडा, नुसत्या आठ वाजल्यावरून अर्थ लागत नाही. घड्याळ कोणते, हे विचारावेच लागते. आजही तोच प्रश्न आहे, फक्त वहीच्या जागी फाइल आली.

पुढे तर गुंता वाढणार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता येथे १,८०० मेगावॅट आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. उदंचन म्हणजे वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी असताना तेच पाणी खाली सोडायचे. म्हणजे एकच पाणी दिवसात वरखाली. चढवल्याची नोंद एका घड्याळाने आणि सोडल्याची दुसऱ्याने झाली, तर खोऱ्याबाहेर खरोखर गेले किती आणि नुसते फिरले किती, हे कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा घड्याळाचा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

दुसऱ्याला विचारण्याआधी आपल्या अंगणात बघू. कारखान्यात शेतातल्या चिठ्ठीवर तोडणीची वेळ असते, काट्यावर वजनाची वेळ असते, गव्हाणीवर ऊस पडल्याची वेळ असते आणि प्रयोगशाळेत रसाच्या नमुन्याची. तोडणीनंतर ऊस जितका पडून राहील तितके वजन घटते आणि साखरही घटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ऊस गाडीअड्ड्यात किती तास उभा होता, हे काट्याच्या आणि गव्हाणीच्या वेळेतला फरक काढून समजते. ती दोन घड्याळे जुळत नसतील तर तो फरक काढून उपयोग काय? सभासद म्हणणार गाडी चौदा तास उभी होती, शेतकी खाते म्हणणार दहा तास, आणि दोघांच्याही हातात छापील कागद! सहवीजनिर्मितीतही तसेच. विकलेल्या विजेचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या खणांत होतो, दिवसाचे ९६ खण. आपले घड्याळ पाच मिनिटे चुकले की प्रत्येक खणातली एकतृतीयांश वेळ शेजारच्या खणात जाते. दिवसाची बेरीज जवळजवळ तीच राहते, म्हणून वार्षिक अहवालात काही दिसत नाही. पण खणाखणाने मेळ घालायला बसलो की तो बसत नाही.

अशी वेडीवाकडी फाइल हातात आली तर काय करावे? आपल्या घरातली शिकलेली मुले हे सहज करू शकतील. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवायची आणि काम तिच्या नकलेवर करायचे. प्रत्येक ओळीच्या वेळेतून आधीच्या ओळीची वेळ वजा करून एक नवा रकाना करायचा. नुसत्या त्या रकान्यावरून रोग कळतो. फरक एकसारखा असेल आणि सेकंददोन सेकंदच हलत असेल तर सोडून द्या. फरक शून्य असेल तर सेकंद छाटले असतील किंवा उशिरा आलेल्या नोंदी असतील. फरक उणे आला तर घड्याळ मागे केले असेल. फरक कमीजास्त असून आकडा बराच वेळ स्थिर असेल तर ती बदलानुसार नोंद आहे, तिथे सरासरी वेळेच्या वजनानेच काढायची. मग एखादी माहीत असलेली घटना धरायची. मिल दुपारी सव्वादोनला थांबल्याचे रजिस्टरमध्ये आहे आणि फाइलमध्ये ती पावणेनऊला थांबलेली दिसते, तर साडेपाच तासांचा घोळ तिथेच सापडला.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रिकामी जागा रिकामी ठेवायची. मधल्या नोंदी नाहीत म्हणून अलीकडचा-पलीकडचा आकडा घेऊन अंदाजाने खड्डा बुजवायची सवय आता फार बोकाळली आहे. तक्ता छान दिसतो, रेघ सरळ येते, सभेत कुणी प्रश्न विचारत नाही. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्या वेळी यंत्र चालू होते आणि नोंद पडली नाही, की यंत्रच बंद होते, हे अंदाजाने ठरत नाही. अंदाज घालायचाच असेल तर तो वेगळ्या रकान्यात घालावा आणि ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहावे.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, मिनिटादोन मिनिटांनी काय बिघडते? वर्षाच्या एकूण बेरजेला फारसे बिघडत नाही, हे मी वरच मान्य केले आहे. पण नोंद ठेवायची ती वाद मिटवण्यासाठी. वाद असतो तो नेमक्या तासाचा, नेमक्या गाडीचा, नेमक्या पाळीचा. आणि खर्च म्हणाल तर तो किरकोळ आहे. देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते आणि ती वेळ इंटरनेटवरून कुणालाही घेता येते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय माहिती केंद्राच्या वेळेशी जुळवावीत, असे निर्देशही काढले. जिथे इंटरनेट नाही तिथे उपग्रहावरून वेळ घेणारे यंत्र बसवता येते.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे चार गोष्टी ठेवाव्यात असे मी सुचवतो. एक, वजनकाटा, गव्हाण, प्रयोगशाळा आणि वीजमीटर ही सगळी घड्याळे एकाच प्रमाणवेळेला जुळवावीत आणि जुळवल्याची तारीख व फरक एका रजिस्टरमध्ये लिहावा. दोन, सभासदाला किंवा शासनाला दिलेल्या प्रत्येक तक्त्यावर वेळ कोणती, नोंद ठरावीक अंतराने की बदलानुसार, आणि सरासरी कशी काढली, या तीन ओळी छापाव्यात. तीन, मूळ नोंदी हंगाम संपला तरी पुसू नयेत. चार, खोऱ्याबाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नोंदी मागताना आपण नुसता टीएमसीचा आकडा न मागता याच तीन ओळींसह मागाव्यात. पण आपल्या काट्यावरचे घड्याळ आधी जुळवू, आणि मगच खोपोली-भिवपुरीच्या घड्याळाबद्दल बोलू. तसे केले तर आपल्या बोलण्याला वजन राहील.